मदत हवी आहे: घोड्याला डाग द्यायचं जुनं हत्यार ओळखायचंय

नमस्कार मंडळी, ठाण्यात राहतो. आजोबा नालबंद होते, त्यांच्या पेटीत लाकडी मुठीचं एक लोखंडी हत्यार सापडलंय, लांब दांडा आणि टोकाला छोट्या कुऱ्हाडीसारखं पातं पण धार अजिबात नाही. लंगड्या घोड्याच्या पायावर पूर्वी तापलेल्या लोखंडाने रेघा ओढायचे, बिचारं जनावर, त्यातलंच असावं असं वाटतं, कारण खूर तासायच्या सुरीला धार असते आणि खूर दाबून दुखरी जागा शोधायचा चिमटा पकडीसारखा दोन दांड्यांचा असतो. गुगल लेन्स कुऱ्हाडच दाखवतंय. दांड्यावर गंजाखाली अक्षरं दिसतायत म्हणून घासलेलं नाही, अॅसिड वगैरे नको, विकायचंही नाहीये. परळचं व्हेटरनरी कॉलेज १८८६ चं, तिथे हे ओळखणारं कोणी माहितीये का, की ठाणे-नवी मुंबईतच कोणी जाणकार आहे? आणि अक्षरं न जाता गंज कसा काढू?