मदत हवी आहे: 6502 प्रोसेसरच्या डायवर (चिपच्या सिलिकॉन तुकड्यावर) पुरलेला संपर्क आणि गेट यांत फरक कसा ओळखावा?

1975 ची एनमॉस (फक्त एन-प्रकारच्या ट्रान्झिस्टरांची) 6502. फोटोंवरून सर्किट काढून सिम्युलेट करायचंय. वरचं काचेचं आवरण आणि अॅल्युमिनियमचा थर काढलाय, सूक्ष्मदर्शकाच्या 20 पट ऑब्जेक्टिव्हने 30 टक्के ओव्हरलॅप ठेवून फोटो जोडलेत. पॉलिसिलिकॉन (पॉली, म्हणजे गेट आणि तारांचा थर) आणि डिफ्युजन (सिलिकॉनमधला वाहक भाग) स्वच्छ दिसतात.

अडचण एकच. पॉलीची पट्टी डिफ्युजनवरून गेली की ट्रान्झिस्टर धरायचा, पण पुरलेल्या संपर्काच्या जागी दोन्ही थर थेट जोडलेले असतात. तो गेट समजला की एका नोडचे (विजेच्या दृष्टीने एकाच जोडणीचे) दोन तुकडे होतात, डिप्लिशन पुल-अपचं (नोड वर खेचून धरणाऱ्या ट्रान्झिस्टरचं) गेट अधांतरी राहतं. एएलयूच्या (बेरीज-वजाबाकी करणाऱ्या भागाच्या) बिट 3 पाशी बहुधा हेच झालंय: सिम्युलेशनमध्ये हातचा पुढे सरकतच नाही. दर बिटाला हातच्याची ध्रुवता उलटते, ते आधीच धरलंय, त्यामुळे ती शंका नको.

काही ठिकाणी पॉलीभोवती फिकट चौकोनी कड दिसते, काही ठिकाणी अजिबात नाही. डार्क फील्डने (फक्त विखुरलेला प्रकाश दाखवणाऱ्या पद्धतीने) किंवा तिरप्या प्रकाशाने ती उठून दिसेल का? पॉली उतरवल्यास गेटखालचा ऑक्साइड वेगळ्या रंगाचा दिसेल हे माहीत आहे, पण डाय एकच आहे. आधी बिनधोक उपाय कोणता करून बघावा?