शब्दचर्चा : स्काउटच्या गणवेशावरील बॅज – बिल्ला, पदक की चिन्ह?

विचारणा

स्काउट आणि गाईड यांच्या गणवेशाविषयीची एक पुस्तिका मराठीत करण्याचे काम आमच्याकडे आले आहे. 'बॅज' या शब्दासाठी बिल्ला, पदक, चिन्ह, मानचिन्ह असे पर्याय पुढे आले असून त्यांतील कोणता स्वीकारावा याविषयी आमच्यात एकमत होत नाही. शिवाय कोणता बॅज कोठे लावायचा हे सांगताना शब्दरचना कशी असावी, याबाबतही जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

स्काउटच्या गणवेशावर बॅजचा निम्मा अर्थ त्याच्या नक्षीत असतो आणि निम्मा तो लावलेल्या जागेत, त्यामुळे जागेचा विचार केल्याशिवाय शब्द ठरवता येईल असे मला वाटत नाही. गणवेशावरील बॅज साधारणपणे चार गोष्टी सांगतात : हा मुलगा किंवा मुलगी चळवळीची सभासद आहे, तिने प्रगतीचा कोणता टप्पा गाठला आहे, सध्या तिच्याकडे कोणती जबाबदारी आहे आणि तिला कोणकोणती कौशल्ये अवगत आहेत. यांतील पहिली गोष्ट सर्वांना समान असते, दुसरी क्रमाने वाढते, तिसरी काही काळापुरती असते आणि चौथी प्रत्येकाची वेगळी असते. या चौघांना एकाच मराठी शब्दात बसवायचे ठरवले, तर तो शब्द कोठे ना कोठे अपुरा पडणारच.

'बिल्ला' हा शब्द चळवळीच्या सर्वांत जुन्या बॅजला मात्र उत्तम शोभतो. चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी 1907 मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर जे प्रायोगिक शिबिर घेतले, त्यात मुलांना पितळेचे, लिलीच्या फुलाच्या आकाराचे चिन्ह दिले होते. त्याआधी 1897 मध्ये, ते भारतात घोडदळाच्या एका पलटणीचे प्रमुख असताना, टेहळणीचे शिक्षण पूर्ण करणाऱ्या सैनिकांनाही त्यांनी हेच चिन्ह दिले होते. आपण त्याला फूल म्हणत असलो, तरी नकाशावर आणि होकायंत्रावर उत्तर दिशा दाखवणारे टोकही ते हेच, आणि योग्य दिशा दाखवणारा तो स्काउट, हा त्यामागचा आशय आहे. धातूचे, कपड्यावर टाचलेले आणि ओळख पटवणारे असे हे चिन्ह म्हणजे बिल्लाच. पण मराठीत हा शब्द हमालाच्या किंवा शिपायाच्या क्रमांकाच्या चकतीशी इतका जोडला गेला आहे की, कष्टाने मिळवलेल्या कापडी चिन्हाला तो लावला तर त्यामागचे कर्तृत्व झाकले जाते. बिल्ला 'देतात' आणि 'लावतात'. तो 'मिळवला' असे कोणी म्हणत नाही. स्काउट मात्र बॅज मिळवतो, आणि हे क्रियापद मला येथे निर्णायक वाटते.

'पदक' हा शब्द टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. पदक फितीला लटकते, ते समारंभात प्रदान केले जाते आणि शिबिरात लाकडे फोडताना कोणी ते घालत नाही. स्काउटिंगमध्ये खरीखुरी पदकेही आहेत, म्हणून त्यांच्यासाठी हा शब्द राखून ठेवणे आवश्यक आहे. जागतिक संघटनेचा 'ब्राँझ वुल्फ' हा सन्मान गळ्यात घालण्याच्या पदकाच्या रूपात दिला जातो. अमेरिकेत 'ईगल स्काउट' या तेथील सर्वोच्च टप्प्याचे पदक डाव्या खिशावर लटकवतात, तर मोठेपणी त्याच सन्मानाची खूण म्हणून खिशाच्या वर गाठीचे चित्र भरलेली छोटी कापडी चौकट शिवतात. एकाच सन्मानाची ही दोन रूपे असल्यामुळे दोन्हींना पदक म्हटले, तर वाचकाला फरक कळायला मार्ग उरत नाही.

'चिन्ह' हा शब्द बॅजवर काढलेल्या आकृतीसाठी ठेवावा. उदाहरणार्थ, जागतिक स्काउट बॅजवर जांभळ्या पार्श्वभूमीवर पांढरे चिन्ह असते. लिलीच्या तीन पाकळ्या म्हणजे वचनाचे तीन भाग : ईश्वराविषयीचे, इतरांविषयीचे आणि स्वतःविषयीचे कर्तव्य. दोन पंचकोनी तारे सत्य आणि ज्ञान दर्शवतात, व त्यांची मिळून दहा टोके स्काउटच्या नियमांची आठवण देतात. भोवतालच्या दोराला खाली रीफ गाठ असते. दोन टोके ओढली की ती अधिकच घट्ट बसते, आणि जगभरच्या स्काउटांची एकजूट त्यातून सुचवली जाते. गाईडच्या जागतिक बॅजवर याच्या जागी त्रिदल असते, तेथेही तीन दले वचनाचे तीन भाग सांगतात, आणि मधली शीर होकायंत्राची सुई असते.

म्हणून माझी सूचना अशी : मूळ शब्द 'बॅज' तसाच ठेवावा, तो मराठीत पुरता रुळला आहे, आणि त्याच्याआधी अर्थ स्पष्ट करणारे पद जोडावे. सभासदत्वाचा बॅज, प्रगतीचा बॅज, पदाचा बॅज आणि प्रावीण्य बॅज. 'वुड बॅज'चीही यामुळे अडचण होत नाही. प्रौढ मार्गदर्शकांना प्रशिक्षणानंतर मिळणारा हा बॅज कापडावर नसतोच. 1919 मध्ये इंग्लंडमधील गिलवेल या प्रशिक्षण केंद्रात पहिले शिबिर झाले तेव्हापासून तो चामड्याच्या दोरीत ओवलेल्या लाकडी मण्यांच्या रूपात गळ्यात घालतात. त्याला ना बिल्ला म्हणता येते ना पदक.

आणखी एक शंका

आपले विवेचन पटले. परंतु संघनायकाच्या, म्हणजे स्काउटांच्या छोट्या गटाच्या प्रमुखाच्या, उभ्या फिती एका चित्रात छातीवर दिसतात, तर दुसऱ्या चित्रात बाहीवर. यांतील बरोबर कोणते? आणि 'डावी बाजू' म्हणजे पाहणाऱ्याची की घालणाऱ्याची?

प्रतिसाद

दोन्ही चित्रे बरोबर असू शकतात, कारण बॅजची जागा प्रत्येक राष्ट्रीय संघटना आपल्या नियमांनी ठरवते. जुन्या ब्रिटिश पद्धतीत संघनायकाच्या दोन पांढऱ्या उभ्या फिती डाव्या खिशावर असत, तर अमेरिकेत दोन हिरव्या पट्ट्यांचा बॅज डाव्या बाहीवर असतो. तेथे प्रगतीचा बॅज डाव्या खिशावर, जागतिक बॅज त्या खिशाच्या वर, संघाचे चिन्ह उजव्या बाहीवर आणि शिबिरांसारख्या प्रसंगांचे तात्पुरते बॅज उजव्या खिशावर येतात. प्रावीण्य बॅज फार झाले की ते उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे येणाऱ्या तिरक्या पट्ट्यावर लावतात. एका देशाची मांडणी दुसऱ्या देशाच्या पुस्तिकेत उतरवू नये, एवढी काळजी अनुवादकाने घेतलीच पाहिजे.

डावे-उजवे नेहमी गणवेश घालणाऱ्याचे. समोरून काढलेल्या चित्रात डावा खिसा वाचणाऱ्याच्या उजव्या हाताला दिसतो, आणि घाईत शिवणाऱ्याकडून बॅज नेमका विरुद्ध खिशावर जातो. त्यामुळे मजकुरात नुसते 'डावीकडे' न लिहिता 'घालणाऱ्याच्या डाव्या खिशाच्या मध्यभागी' किंवा 'उजव्या बाहीवर, खांद्याच्या शिवणीखाली' असे पूर्ण लिहावे. क्रियापदांतही भेद ठेवावा : कापडी बॅज 'शिवावा', धातूचा 'टाचावा', पदक 'धारण करावे'. शिवण्याच्या सूचनेत आणखी एक वाक्य अवश्य घालावे, ते म्हणजे खिशावर बॅज शिवताना टाका फक्त वरच्या कापडातून घ्यावा. तो आतल्या कापडातही गेला, तर खिसा बंद होतो.