अनुभव धागा : घरशाळेत काय कामी आलं, काय नुसतंच साठलं?

रिकामी_पाटी
काल लॅपटॉप आवरताना 'नंतर बघू' नावाचं फोल्डर सापडलं. आत दोनशेच्या वर लिंका! लेकीला शाळेतून काढलं त्या पहिल्या महिन्यात रात्री जागून जमवलेल्या. तेव्हा वाटायचं, एखादी चांगली साइट हातची सुटली तर पोरीचं वर्ष वाया जाईल. प्रत्यक्षात वापरात राहिल्या चार.

सगळ्यात जास्त चालली फेट, विज्ञानाचे प्रयोग स्क्रीनवर करून बघायची साइट. कोलोरॅडो विद्यापीठाची, २००२ पासूनची, फुकट, आणि बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. विजेच्या सर्किटचं उघडून दिलं आणि मी कपडे वाळत घालायला गेले. परत येते तर बाईसाहेबांनी बॅटरीच्या दोन टोकांना थेट वायर जोडून स्क्रीनवर आग लावलेली. मग किती बल्ब मध्ये घातले की आग लागत नाही, यात अख्खी सकाळ. माझ्या वेळापत्रकात शॉर्ट सर्किट तिसऱ्या आठवड्यात होतं.

तुमच्याकडे काय टिकलं? लिहा.

चष्मा_कुठेय
दोनशेच? माझ्याकडे फोल्डरांचं फोल्डर आहे 😄

निवांत_बाबा
स्टेलॅरियम, स्क्रीनवर आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर. कीबोर्डवर G दाबलं की जमीन गायब, पायाखालीही तारे. मुलगा किंचाळलाच. A दाबलं की वातावरण जातं, भर दुपारी तारे. मग प्रत्येकाच्या जन्मतारखेला चंद्र कसा होता ते काढायचा नाद लागला. आजीला स्वतःची तारीख पक्की ठाऊक नाही म्हणून हा रडला. आजी म्हणे, पौर्णिमा लिही रे.

दोन_पोरांची_आई
आजी 😂😂
घाईत लिहितेय. खान अकॅडमीचं गणित मोठ्या मुलाने भराभर उरकलं, मी खूश. नंतर कळलं, अडलं की हिंट, परत हिंट, शेवटी उत्तरच समोर. आता शेजारी वही ठेवते आणि थांबा धाकटा उठला

अर्धवटराव
स्क्रॅच, ठोकळे जोडून पोरांनी प्रोग्रॅम करायचं. एमआयटीवाल्यांचं, २००७ चं. तीन आठवडे त्यातलं ते मांजर नुसतं कडेला जाऊन आपटत होतं. मी गप्प बसलो (बायकोला विचारा किती कष्टाने). एक दिवस पोरगं विचारतं, मधोमध शून्य आणि डावीकडे गेलं की वजा का? ऋण संख्या मी तीनदा शिकवून झालो होतो हो.

नवीनच_आहे
शाळा सोडून पंधरा दिवस झालेत. मुलगी सहाची, अजून वाचत नाही. कुठून सुरुवात करू? सासूबाई रोज विचारतात, आज काय शिकवलं.

रिकामी_पाटी
@नवीनच_आहे आधी श्वास घे. शाळेतल्या प्रत्येक वर्षामागे एक महिना नुसता मोकळा द्यावा असं जुने घरशाळावाले सांगतात. मी दिला नव्हता, भोगलं. स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी आहेत, वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या. मांडीवर घेऊन वाच. स्क्रॅच ज्युनियर पाच ते सात वर्षांसाठीच आहे, ठोकळ्यांवर चित्रं असतात, वाचता यावं लागत नाही. सासूबाईंना गोष्ट वाचायला बसव, दोन्ही प्रश्न मिटतील.

घामाघूम
'सगळं तयार' असलेला अभ्यासक्रम विकत घेतला होता. रोज वीस पानं छापायची. तिसऱ्या आठवड्यात शाई संपली, पाचव्यात मी. उरलेल्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर पोराने डायनोसॉर काढले. तो अभ्यास मात्र झकास झाला.

चष्मा_कुठेय
कुठला हो? नाव सांगा, मी घ्यायच्या बेतात आहे.

घामाघूम
नाव नको. पोरगा दिवसभर झाडावर, आणि मी त्याला रिकाम्या जागा भरायला बसवलं. दुसऱ्याच्या घरी चालत असेलही.

चष्मा_कुठेय
बरं, प्रिंटर बरेच दिवस बंद राहिला की शाई सुकते, त्यावर काही उपाय?

निवांत_बाबा
आठवड्यातून एक रंगीत पान छापायचं. डायनोसॉर चालेल.

दोन_पोरांची_आई
झोपला एकदाचा. हां तर वही. 'हे मला शिकव' म्हणते आणि मुद्दाम चुकते. तो इतका चिडून समजावतो ना!

अर्धवटराव
@रिकामी_पाटी चार म्हणालीस, सांगितली एकच.

रिकामी_पाटी
स्टेलॅरियम वर आलंच. तिसरं लिब्रिवॉक्स, हक्क संपलेली पुस्तकं स्वयंसेवक वाचतात. काही पुस्तकांत प्रकरणागणिक आवाज बदलतो, लेक वाचणाऱ्यांना मार्क द्यायची. एकाला नापास केलं आणि तरी त्याचंच प्रकरण दोनदा ऐकलं. चौथी साइट काल उघडली तर पानच सापडत नाही. लेकीला सांगितलं तर म्हणते, कुठली गं?