मदत हवी आहे: लिनक्सवर चालणारा सॉकेट सर्व्हर फ्रीबीएसडीवर जोडणी येताच तोडतो

नमस्कार मंडळी,

सी आणि सॉकेटच्या जाणकारांकडून मदत हवी आहे. आमच्या साखर कारखान्यात दोन वजनकाटे आहेत. प्रत्येक काट्याच्या केबिनमधला डबा प्रत्येक उसाच्या गाडीमागे टीसीपीवरून एक ओळ पाठवतो: गाडी नंबर, वेळ, वजन. त्या ओळी घेऊन फाइलीत लिहिणारा एक छोटा सर्व्हर सीमध्ये लिहिलेला आहे. जुन्या लिनक्स मशीनवर तो वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला. नव्या मशीनवर झेडएफएस या फाइल सिस्टिमसाठी फ्रीबीएसडी १४ ही बीएसडी घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम घातली. प्रोग्राम एकही वॉर्निंग न देता कम्पाइल झाला, सुरूही झाला, पण काट्याचा डबा जोडला जातो आणि लगेच तुटतो. लॉगमध्ये फक्त ‘रीड अयशस्वी’ एवढंच येतं.

प्रोग्रामची रचना अशी: ऐकणारं सॉकेट (जोडणीचं प्रोग्रामकडचं टोक) एफसीएनटीएल या कॉलने नॉनब्लॉकिंग केलंय, म्हणजे डेटा नसेल तर वाट न बघता लगेच परतणारं, आणि कुठल्या सॉकेटवर काही आलंय ते सांगणारा पोल त्यावर लावलाय. जोडणी आली की ती स्वीकारायला अ‍ॅक्सेप्ट, आणि लगेच एक रीड, कारण डबा आधी स्वतःचा ओळख क्रमांक पाठवतो. तो वाचून झाला की ती जोडणी पोलच्या यादीत जाते.

तपासलेल्या गोष्टी: उघडी सॉकेट दाखवणाऱ्या सॉकस्टॅटमध्ये प्रोग्राम योग्य पोर्टवर ऐकताना दिसतो. फायरवॉल बंद आहे. नेटवर्कवरची पाकिटं दाखवणाऱ्या टीसीपीडम्पमध्ये जोडणीचं तीन पावलांचं हस्तांदोलन पूर्ण होतं आणि त्यानंतर आपल्याच बाजूने फिन, म्हणजे जोडणी संपवल्याचा निरोप, जातं. सगळ्यात चक्रावणारी गोष्ट म्हणजे, त्याच मशीनवरून एनसीला (हाताने जोडणी करून बघायच्या कमांडला) पाइपने ओळ दिली तर कधी कधी काम होतं, पण एनसी उघडून हाताने टाइप करायला घेतलं की ओळ पूर्ण होण्याआधीच जोडणी गेलेली असते.

गळीत हंगाम तोंडावर आलाय. परत लिनक्स टाकणं हा उपाय आहेच, पण कारण कळल्याशिवाय तसं करायची इच्छा नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

पाइपने चालतं आणि हाताने नाही, हा धागा पकडा. पाइपमध्ये ओळ जोडणीच्या पाठोपाठ येऊन पोचते, हाताने टाइप करताना उशीर होतो. म्हणजे तुमचा रीड वाट बघत नाहीये.

अंदाज करत बसण्यापेक्षा कर्नललाच विचारा. फ्रीबीएसडीत केट्रेस, म्हणजे प्रोग्रामने कर्नलला केलेले कॉल नोंदवणारं साधन, मूळ सिस्टिममध्येच असतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. प्रोग्राम केट्रेसखाली चालवा, एकदा डबा जोडू द्या, प्रोग्राम थांबवा. त्याच डिरेक्टरीत केट्रेस डॉट आउट नावाची फाइल तयार होईल. ती केडम्पने वाचा आणि अ‍ॅक्सेप्टपासून क्लोजपर्यंतच्या ओळी इथे द्या. लिनक्सवर एसट्रेसची सवय असेल तर ट्रस त्याच्या जास्त जवळचं आहे, तेही चालेल.

लॉगमध्ये एररनो (कर्नलने दिलेला त्रुटी क्रमांक) छापत नसाल तर आजच छापायला लागा. ‘रीड अयशस्वी’वरून कुणालाच काही सांगता येणार नाही.

धागालेखक

धन्यवाद. केडम्पमधला भाग, पत्ते वगळून (रेट म्हणजे कॉलचं उत्तर):

कॉल अ‍ॅक्सेप्ट (३)
रेट अ‍ॅक्सेप्ट ५
कॉल रीड (५)
रेट रीड -१ एररनो ३५ रीसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल
कॉल क्लोज (५)

म्हणजे रीड खरंच थांबत नाहीये. पण ५ क्रमांकाचं सॉकेट मी नॉनब्लॉकिंग केलेलंच नाही. केलंय ते फक्त ३.

प्रतिसाद २

सापडलं. ५ ला ते ३ कडून वारशाने आलंय.

बीएसडीत अ‍ॅक्सेप्टने मिळणारं नवं सॉकेट ऐकणाऱ्या सॉकेटचे गुण घेऊन येतं, नॉनब्लॉकिंगसकट. लिनक्समध्ये नवं सॉकेट या बाबतीत कोऱ्या पाटीने सुरू होतं. लिनक्सच्या अ‍ॅक्सेप्टच्या मॅन पानावरच हा फरक नोंदवलाय. तिथे स्पष्ट म्हटलंय की मूळ बीएसडी सॉकेटपेक्षा लिनक्स इथे वेगळं वागतं आणि दोन्हीकडे चालायला हवा तो प्रोग्राम यातल्या कुठल्याच वागण्यावर विसंबू नये. सॉकेट ही कल्पनाच १९८३ च्या ४.२ बीएसडीबरोबर बर्कलीतून बाहेर पडली, त्यामुळे ‘फ्रीबीएसडी विचित्र वागतं’ असं म्हणणं मला पटत नाही.

आणखी एक. ३५ हा आकडा लिनक्सच्या तक्त्यात शोधू नका. तिथे ३५ म्हणजे डेडलॉकची चूक, आणि तुमची ही चूक, ईअगेन (आत्ता डेटा नाही, पुन्हा बघा), तिथे ११ वर आहे. कोडमध्ये नेहमी नावाने तुलना करावी ती याचसाठी.

तात्पुरता उपाय: अ‍ॅक्सेप्टऐवजी अ‍ॅक्सेप्ट४ वापरा आणि फ्लॅग्ज शून्य द्या. ते फ्रीबीएसडीत १०.० पासून आहे, लिनक्समध्येही आहे, आणि दोन्हीकडे नवं सॉकेट ब्लॉकिंगच मिळतं.

पण मी तुमच्या जागी असतो तर तिथे थांबलो नसतो. ब्लॉकिंग रीडमध्ये एका काट्याचा डबा ओळख न पाठवता बसून राहिला, तर दुसऱ्या काट्यावरच्या गाड्यांची वजनंही अडकतील. लिनक्सवर हे आजवर घडलं नाही, पण तिथेही ही शक्यता होतीच. नवं सॉकेट नॉनब्लॉकिंगच ठेवा, थेट पोलच्या यादीत घाला, आणि ईअगेन आलं की जोडणी न तोडता पुढच्या फेरीची वाट बघा. शिवाय एक रीड म्हणजे एक ओळ, असं धरून चालू नका. टीसीपी फक्त बाइटांचा प्रवाह देतं. एका रीडमध्ये अर्धी ओळ येऊ शकते किंवा अडीच. प्रत्येक जोडणीला आपला बफर (आलेले बाइट साठवायची जागा) द्या आणि ओळ संपल्याची खूण दिसली की मगच फाइलीत लिहा. वजनाचा एक आकडा अर्धवट लिहिला गेला तर शेतकऱ्याचं बिल चुकतं.

प्रतिसाद १

सहमत. हंगामाआधी अजून एक बघा: केबिनमधली वीज गेली की डबा फिन न पाठवताच नाहीसा होतो आणि सर्व्हरला जोडणी जिवंतच वाटते. फ्रीबीएसडीत कीपअलाइव्ह, म्हणजे समोरचा जिवंत आहे का याची चाचणी, मुळात चालू असतं, पण पहिली चाचणी जाते ती दोन तासांच्या शांततेनंतर. ही शांततेची मुदत ठरवणारा टीसीपी कीपआयडल हा पर्याय त्या सॉकेटपुरता सेकंदात कमी करता येतो. साठ ठेवा.

धागालेखक

दोघांचे मनापासून आभार. अ‍ॅक्सेप्ट४ घालताच दोन्ही काटे जोडले गेले आणि टिकले. बफर आणि पोलचं काम सुरू केलंय, कीपआयडलही ६० करतोय. डबा जोडलेला असताना केबिनचा स्विच बंद करून बघेन आणि नेटस्टॅटमधून ती जोडणी किती वेळाने जाते ते इथे कळवतो.