विषय: बाटली घेत नाही, ऑफिस १२ दिवसांवर

प्रेषक: नवी आई, एडिसन

नमस्कार मंडळी. मुलगी १६ आठवड्यांची, पूर्ण अंगावर पिते. रजेचे १८ आठवडे संपत आले. महिन्याची असताना बाबाच्या हातून दोन औंस (साधारण ६० मिली) गटागट प्यायली होती, म्हणून निर्धास्त राहिलो आणि मधे बाटली दिलीच नाही. आता दोन घोट घेते, तोंड वाकडं करते, जिभेने निपल बाहेर ढकलते आणि मग आकांत. तीन कंपन्यांच्या बाटल्या झाल्या. फ्रीझरमध्ये ११० औंस साठवलंय, ते तसंच पडून. कुठलं निपल चालतं? कोणाकडे असेल तर शनिवारी मराठी शाळेत आणाल का?

---

प्रेषक: पालक-गट

हे पालक-गटाच्या मेल-यादीवर यायला हवं होतं, ही सगळ्या मंडळाची यादी आहे. इथे ढोलपथकवालेही आहेत. आणि वापरलेली निपलं देणं-घेणं आपण बंद केलंय, का ते सगळ्यांना माहीत आहे.

निपलच्या पाकिटावरचा १, २ हा आकडा कंपनीगणिक वेगळा असतो, त्यावर जाऊ नका. भरलेली बाटली उलटी धरा. न दाबता थेंब थेंब पडलं तर ठीक, धार लागली तर ते निपल परत करा. टोकाकडून बुडाकडे हळूहळू रुंद होत जाणारं घ्या. रुंद बुडावर एकदम बारीक टोक असेल तर बाळ नुसतं टोक चोखतं, ओठ नीट बसत नाहीत आणि दूध कडेने गळतं. एक निवडलं की चार-पाच दिवस तेच. रोज बाटली बदलली की तिला नक्की काय खटकलं ते कळायला मार्ग राहत नाही.

पाजताना तिला जवळजवळ बसती धरा, बाटली आडवी. निपल ओठाला घासा, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबा, कोंबू नका. चार-पाच घोट झाले की बाटली खाली झुकवून दम घेऊ द्या. एक बाटली १५ ते २० मिनिटं चालली पाहिजे. वेळ अशी निवडा की नुकती झोपून उठलीय, भूक आहे पण कासावीस नाही. १० मिनिटांत जमलं नाही तर विषय बंद, पुढच्या वेळी बघू. आणि आई घराबाहेर. वरच्या मजल्यावर नव्हे, घराबाहेर.

---

प्रेषक: माई

बाटलीचा एवढा अट्टहास कशाला? बोंडलं आहे की. चोच गालाच्या आतल्या बाजूला टेकवायची, थोडं थोडं सोडायचं, गिळल्याशिवाय पुढचं नाही. उकळायलाही सोपं, बाटलीसारखे कानेकोपरे नाहीत. बाटलीच हवी असेल तर निपलला बोटभर मध लावून बघा.

---

प्रेषक: डे-केअरवाल्या मावशी

माईंना उत्तर. मध नको. वर्षाच्या आत चाटवायलासुद्धा नको. त्यात बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि ते साध्या उकळण्याने मरत नाहीत. साखरपाणीही नको. सहा महिन्यांच्या आत वरचं पाणीच नको.

बोंडल्याला माझा विरोध नाही, पण एका वेळी तीन-चार बाळं असताना एकीला २० मिनिटं बोंडल्याने पाजत बसणं जमत नाही. हात जरा तिरका झाला की दूध घशात ओतलं जातं, मग ठसका. घरी आजी असेल तर उत्तम. तिथेही मी छोटी वाटी सुचवीन. बाळ उभट धरायचं, वाटीची कड खालच्या ओठावर टेकवायची, दूध ओठाला लागेल इतपतच वाटी कलती करायची. ओतायचं नाही, तिचं ती जिभेने ओढून घेते. चार महिन्यांची बाळं हे लवकर शिकतात. दुपटं मात्र गळ्याशी हवं, पहिले दोन दिवस निम्मं सांडतं.

---

प्रेषक: पिस्कॅटवे, दोन मुलींचा बाबा

निपलवर दहा मेल झाले, हिशेबाचं कोणी बोलत नाही. आई नसताना तासाला एक ते दीड औंस धरा. प्रवास धरून १० तास म्हणजे १० ते १५ औंस. चार बाटल्या, प्रत्येकी तीन-साडेतीन. आठ औंसाच्या बाटल्या आणल्या असतील तर ठेवून द्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला इतकं एका वेळी लागत नाही. सोमवारी ऑफिसात पंप केलेलं मंगळवारी जातं, त्यामुळे ११० औंसांचा साठा ही सोय आहे, गरज नव्हे.

ताजं दूध खोलीत ४ तास, फ्रीजमध्ये ४ दिवस. फ्रीझरमधलं फ्रीजमध्ये पूर्ण वितळल्यापासून २४ तासांत संपवायचं, परत गोठवायचं नाही. उष्टं दोन तासांत संपवा नाहीतर ओता. मायक्रोवेव्ह नाही, मधेच चटका बसेल असं गरम राहतं.

---

प्रेषक: पालक-गट

हे सगळं आपल्या फाइलमध्ये आहे. फाइल कोणी उघडत नाही ही वेगळी गोष्ट.

---

प्रेषक: डे-केअरवाल्या मावशी

आधीच विचारायला हवं होतं. महिन्याची असताना प्यायली ते दूध ताजं होतं की फ्रीझरमधलं? आणि आता रोज कुठलं देताय? तुम्ही लिहिलंय की दोन घोट घेते आणि *मग* तोंड वाकडं करते. निपल नको असलेलं बाळ सहसा पहिला घोटही घेत नाही.

एक पिशवी वितळवून वास घ्या, थेंबभर चाखा. साबणासारखं किंवा धातूसारखं लागलं तर ते लायपेजचं काम. दुधातलंच एन्झाइम, स्निग्धांश फोडत राहतं. गोठवून वेग मंदावतो, थांबत नाही. दूध खराब नसतं, चव बदलते. काही बाळांना फरक पडत नाही, काहींना थेंब चालत नाही.

---

प्रेषक: नवी आई, एडिसन

साबण! अगदी भांड्याच्या साबणासारखा वास. ताजं काढून त्याच बाटलीत दिलं, रडत-कुरकुरत का होईना, दीड औंस गेलं. आता ११० औंस ओतून द्यायचे का??

---

प्रेषक: डे-केअरवाल्या मावशी

ओतू नका. पाजताना तीन भाग ताजं, एक भाग वितळवलेलं मिसळा. दोन्ही आधी थंड असू द्या, मग एकत्र करून कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवा. घेतलं तर प्रमाण वाढवा, नाही घेतलं तर सहा महिन्यांनंतर नाचणीसत्त्वात किंवा खिमटीत घालता येईल. तारखा मात्र बघा.

पुढचं दूध साठवण्याआधी तपासा. ताजं दूध फ्रीजमध्ये ठेवून दर काही तासांनी हुंगा. २४ तासांत वास आला नाही तर ऑफिसच्या रोजच्या दुधाची काळजी नाही, गोठवायचं तेवढंच तापवा. कडेला बारीक बुडबुडे दिसेपर्यंत, साधारण ८२ अंश सेल्सिअस. उकळी नको. लगेच भांडं बर्फाच्या पाण्यात, मग पिशवीत. तापवण्याने दुधातले काही चांगले गुण कमी होतात, म्हणून गरज नसेल तर करू नका. वास आल्यावर तापवून तो जात नाही.

बाळ बाटली घेत असताना तुम्ही पंप करा, नाहीतर छातीत दुधाच्या गाठी होतील. ऑफिसात दर तीन तासांनी. कंपनीने बाथरूम सोडून बंद जागा द्यायची आहे, अमेरिकेच्या २०२२ च्या पंप कायद्यात बाळाच्या जन्मापासून वर्षभर तशी तरतूद आहे. पहिल्या आठवड्यात दिवसा कमी पिऊन रात्री भरपाई करेल. २४ तासांत सहा ओले डायपर आहेत ना, एवढं मोजा. कमी झाले तर डॉक्टरांना फोन.

---

प्रेषक: माई

तापवायचं सांगता, मग चांदीच्या बोंडल्यात काय वाईट होतं?

---

प्रेषक: सचिव

शनिवारी शाळेच्या हॉलची किल्ली कोण आणणार ते कोणीच कळवलेलं नाही. तसंच हॉलच्या फ्रीजमध्ये नाव-तारीख नसलेल्या दुधाच्या दोन पिशव्या आहेत. ज्यांच्या असतील त्यांनी न्याव्यात, गेल्या वेळी कोणीतरी चहात घालायला निघालं होतं.