ओढा बुजवला, झाडं तोडली, धूळ उडतेय: तक्रार नेमकी कुठे करायची?

शीवेवरचा:
महाराष्ट्रातलं गाव, महापालिका हद्दीबाहेर. गावठाणाबाहेर मोठा गृहप्रकल्प चालू आहे. मुरूम टाकून ओढ्याचं पात्र निम्मं बुजवलंय, बांधावरची झाडं तोडलीत, आणि लागूनच असलेल्या आरएमसी (तयार काँक्रीट बनवणाऱ्या) प्लांटची धूळ पिकावर बसते. प्रदूषण नियंत्रण मंडळाला एकाच अर्जात सगळं लिहिलं तर चालेल का?

गटनंबर:
नका करू तसं. मंडळ धुळीपुरतं बघेल आणि बाकीचं ‘संबंधित विभागाकडे’ पाठवेल. मग तो अर्ज कोणाचाच राहत नाही. विषयागणिक वेगळा अर्ज द्या, प्रत्येकाची पोच घ्या.

ओढा सगळ्यात आधी, पावसाळ्यापूर्वी. जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे, कुणाच्या मालकीचे नसलेले नदी-नाले शासनाचे. म्हणून अर्ज तहसीलदारांकडे. ओढा सातबाऱ्यावर पोटखराब्यात (गटातल्या लागवडीला अयोग्य क्षेत्रात) गेला असेल तर ‘आमच्याच गटातला आहे’ हे उत्तर ठरलेलं. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढा आणि त्यावर दिसणारा प्रवाह दाखवा. फोटोवर तारीख हवी, अर्जात गट क्रमांक हवाच.

त्याच तहसीलदारांना मुरुमाबद्दल वेगळा अर्ज: वाहतूक परवाने दाखवायला लावा. विनापरवाना गौण खनिज (मुरूम त्यातच येतो) निघालं तर त्याच संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे.

आराखडा:
वरच्यात भर. गावठाणाबाहेरची बांधकाम परवानगी ग्रामपंचायत देत नाही. गाव एखाद्या विकास प्राधिकरणाच्या हद्दीत असेल तर ते प्राधिकरण, नसेल तर जिल्हाधिकारी. मंजूर नकाशात ओढा कसा दाखवलाय ते बघा. नकाशात मोकळा आणि जागेवर बुजवलेला असेल तर ते मंजुरीचं उल्लंघन आहे, परवानगी देणाऱ्याला तसंच लिहा.

नदी असती तर जलसंपदा विभागाची पूररेषा बघावी लागली असती (निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या). छोट्या ओढ्यांना ती बहुधा आखलेलीच नसते, तिच्यासाठी थांबू नका.

प्रकल्प २०,००० चौ.मी. किंवा जास्त असेल तर केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे आधी पर्यावरण मंजुरी लागते. ती राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण देतं, मंडळ नाही. इथे हमखास चूक होते: लोक एफएसआयचा (चटईक्षेत्र निर्देशांकात मोजलेल्या बांधकामाचा) आकडा धरतात. मोजायचं असतं तळघर आणि सेवाक्षेत्रासह सगळ्या मजल्यांचं क्षेत्र. मंजुरीच्या अटी केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर सापडतात.

बाभूळबन:
झाडांचं: १९७५ चा वृक्ष कायदा आणि वृक्ष प्राधिकरण शहरी भागासाठी. गावात १९६४ चा वृक्षतोड कायदा, आणि तोही अनुसूचीतल्या झाडांपुरता. जात आणि संख्या लिहून वन परिक्षेत्र अधिकाऱ्यांना द्या. बुंधे उपटून नेण्याआधी पंचनामा मागा.

धूळ मात्र मंडळाचीच. त्यांच्या उपप्रादेशिक कार्यालयात प्लांटच्या संमतीपत्राची (प्लांट चालवायला मंडळाने दिलेल्या परवानगीची) प्रत मागा आणि तक्रारीत मोडलेली अट नेमकी नोंदवा. ‘खूप धूळ आहे’ एवढ्यावर काही हलत नाही.

शीवेवरचा:
कागद कोणत्या कार्यालयात आहेत हेच कळलं नाही तर?

गटनंबर:
माहिती अधिकारात मागा, १० रुपये शुल्क. चुकीच्या कार्यालयात गेला तरी कलम ६(३) प्रमाणे त्यांनी अर्ज ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो आणि तुम्हाला कळवायचं असतं.

आराखडा:
या सगळ्यात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाची (पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाची) मुदत निसटू देऊ नका. पुण्याच्या खंडपीठात न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १४ चा अर्ज वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून ६ महिन्यांत, आणि पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील ३० दिवसांत. पुरेसं कारण दाखवलं तर दोन्हीला जास्तीत जास्त ६० दिवस वाढवून मिळतात. तहसील कार्यालयाच्या उत्तराची वाट बघताना हे दिवस थांबत नाहीत.