सिंको दे मायो हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन नाही, मग आहे तरी काय?

शंकासुर: सिंको दे मायो म्हणजे मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. काही जण १६ सप्टेंबर सांगतात. खरं काय? आणि हा लढाईचा दिवस असेल, तर जिंकून पुढे काय झालं?

जुनी_पानं: १६ सप्टेंबरच बरोबर. १८१० साली त्या पहाटे मिगेल इदाल्गो या पाद्र्याने दोलोरेस गावात स्पेनविरुद्ध उठावाची हाक दिली. सिंको दे मायोचा, म्हणजे ५ मेचा, संबंध फ्रान्सशी, तोही ५२ वर्षांनंतरचा.

मूळ कर्जात आहे. मेक्सिकोतल्या यादवीत तिजोरी रिकामी झाली, म्हणून अध्यक्ष बेनितो हुआरेस यांनी जुलै १८६१ मध्ये परकीय कर्जाची फेड दोन वर्षं थांबवली. वसुलीसाठी ब्रिटन, स्पेन आणि फ्रान्स वेराक्रूस बंदरात उतरले. पहिले दोघे बोलणी करून माघारी फिरले. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याला मात्र तिथे आपल्या मर्जीतला सम्राट बसवायचा होता, आणि अडवू शकणारी अमेरिका स्वतःच्याच यादवीत अडकलेली.

तोफखाना: लढाईबद्दल थोडं. ५ मे १८६२, ठिकाण पुएब्ला, राजधानीच्या वाटेवरचं शहर. सुमारे ६००० फ्रेंच, समोर जनरल इग्नासियो सारागोसांचे त्याहून कमी सैनिक, त्यात डोंगरी गावांतले आदिवासीही. फ्रेंच सेनापती लोरेंसेझने शहराला वळसा न घालता लोरेतो आणि ग्वादालुपे या टेकडीवरच्या किल्ल्यांवर समोरून चढाई केली. तोफा फार लांबून डागल्या, त्यामुळे भिंतींना धक्का लागला नाही आणि दारूगोळा मात्र उडाला. पायदळ तीनदा चढलं, तीनदा परतलं. दुपारच्या पावसाने उतार निसरडा झाला, ते वेगळंच. शत्रूला कमी लेखलं, हीच खरी चूक.

जुनी_पानं: पुढचं ऐकायला तितकंसं गोड नाही. सारागोसा सप्टेंबरमध्येच टायफॉइडने गेले, वय ३३. फ्रेंच जादा कुमक घेऊन परतले आणि दोन महिन्यांच्या वेढ्यानंतर मे १८६३ मध्ये पुएब्ला पडलं. १८६४ ला फ्रान्सच्या मर्जीतला मॅक्सिमिलियन मेक्सिकोचा सम्राट झाला आणि १९ जून १८६७ ला केरेतारोत गोळ्या घालून त्याचा शेवट केला गेला. म्हणजे या विजयाने युद्ध संपवलं नाही, राजधानीचं पतन वर्षभर लांबवलं. 'या लढाईने अमेरिकेची यादवी फिरवली' असं काही जण म्हणतात, ते मात्र मला ताणलेलं वाटतं.

शंकासुर: मग मेक्सिकोत त्या दिवशी सुट्टी असते?

तोफखाना: शाळांना असते, कामगार कायद्यातल्या सक्तीच्या पगारी सुट्ट्यांत हा दिवस नाही. पुएब्लात मोठं संचलन होतं, तर मेक्सिको सिटीच्या पेन्योन दे लोस बान्योस वस्तीत लोक लढाईचा देखावा उभा करतात. धूमधाम जास्त अमेरिकेत. कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन लोकांनी १८६० च्या दशकातच तो पाळायला घेतला, पुढे चिकानो चळवळीने (अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या हक्कांच्या चळवळीने) उचलून धरला आणि १९८० च्या दशकात बिअरच्या जाहिरातींनी त्याची पार्टी करून टाकली. स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा द्यायच्या असतील तर सप्टेंबरपर्यंत थांबा. जल्लोष १५ च्या रात्रीच सुरू होतो.